पाठीमागे वामनभाऊ

"चेहरा कोणताही द्या, पंधरा दिवसांत घराघरांत पोचवतो!" असं प्रफुल मेश्राम छातीठोकपणे सांगायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं. ब्रह्मपुरीच्या बस स्टँडसमोर त्याचं फ्लेक्सचं दुकान होतं. वाढदिवस असो, निवड असो, नाहीतर दहावीला कसेबसे पंचावन्न टक्के पडलेले असोत, चौकात कुणी हात जोडून उभा दिसला की समजायचं, काम प्रफुलचं. साठीचा माणूस तो चाळिशीचा करून द्यायचा. एका टकल्या सरपंचाच्या डोक्यावर तर त्यानं इतके दाट केस उगवले होते की सरपंचाच्या बायकोनं दुकानात येऊन विचारलं, "हे कोन हायत?"

त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे वामनराव. तालुका त्यांना वामनभाऊ म्हणायचा, आणि भाऊंना यंदा जिल्हा परिषदेला उभं राहायचं होतं. भाऊंची ओळख म्हणजे काळा चष्मा! दहा वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तो आठ दिवसांसाठी दिला. त्याच आठ दिवसांत भाऊ पंचायत समितीला निवडून आले आणि चष्मा जो चढला तो कायमचा. लग्नात चष्मा, मयतीत चष्मा, डिसेंबरच्या धुक्यातसुद्धा चष्मा! शाळेतली पोरं पाटीवर दोन काळे गोल आणि खाली मिशी काढायची, की झाले वामनभाऊ.

"फ्लेक्स काय, सारेच लावते," भाऊ एक दिवस दुकानात येऊन म्हणाले. "मले नवीन पायजे. माह्या चेहरा लोकायच्या अंगावर पायजे. हे जमवलं त् साऱ्या निवडनुकीचा प्रचार तुह्याकडं!"

"टी-शर्ट काढू का भाऊ?"

"टी-शर्टाचं दोन धुण्यात फडकं होते. माह्या चेहऱ्यानं लोकं सायकल पुसते मंग."

प्रफुल दोन दिवस डोकं खाजवत बसला. तिसऱ्या दिवशी गावी गेला.

गाव म्हणजे सावरटोला, ब्रह्मपुरीहून अठरा किलोमीटर, जंगलाला अगदी चिकटून. तिथं त्याची माय, कांताबाई, एकटीच राहायची. वडील गेल्यापासून प्रफुल तिला शहरात बोलवत होता आणि ती "तुह्या दुकानात मले उभं राहाले जागा तं हाय का?" म्हणून टाळत होती. मार्च संपत आला होता. मोहफुलं गळायला लागली होती, पण गावातल्या टोपल्या यंदा भिंतीलाच टांगलेल्या होत्या. गेल्या वर्षी शेजारच्या टोलीतली एक बाई मोहा वेचताना वाघानं नेली होती, आणि या वर्षी तोच वाघ सावरटोल्याच्या नाल्यावर दोनदा दिसला होता.

मोहफूल पहाटे गळतं. उजाडता उजाडता वेचावं लागतं, आणि तेही वाकून. वाकलेलं माणूस वाघाला जनावरासारखं दिसतं, आणि वाघ येतो तो पाठीमागूनच.

"आपल्याले पाठीले डोळे असते तं बरं झालं असतं," कांताबाई चहा गाळता गाळता म्हणाली. "बाया घरात बसल्या अन् मोहा झाडाखाली सडून राह्यला."

प्रफुलचा कप ओठांशीच थांबला. कुठल्याशा जंगलात लोक डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाचा मुखवटा बांधून हिंडतात, हे त्यानं मोबाइलवर पाहिलं होतं. वाघाला वाटतं माणूस आपल्याकडंच बघतोय, आणि तो बिचकतो. प्रफुल चहा अर्धा टाकून उठला आणि मायला कारण न सांगता त्यानं गाडीला किक मारली!

"डोक्याच्या मागं माह्या चेहरा?" वामनभाऊ खुर्चीत पुढं सरकले.

"हो भाऊ! शंभर बाया जंगलात गेल्या त् शंभर वामनभाऊ! खाली लिवाचं, समोर तुमची नजर, मागं वामनभाऊंची!"

भाऊंना गहिवरूनच आलं. त्यांनी प्रफुलच्या पाठीवर अशी थाप दिली की तो टेबलावर आदळला. मग प्रफुलनं नमुना काढला. भाऊंच्या जुन्या मतदार कार्डावरचा फोटो मोठा करून त्यानं जाड पुठ्ठ्यावर चिकटवला होता, दोन्ही कानांशी रबर लावलं होतं. डोळे टक्क उघडे.

भाऊंनी तो बराच वेळ न्याहाळला.

"हा कोन हाय बे?"

"तुमी, भाऊ."

"मले तं हा पोस्टमन वाटते. चष्मा लाव याले."

"पन भाऊ, वाघाले डोळे दिसाले पायजेत. डोळे पाहूनच तं तो थांबते."

"वाघ मत देते का मले?"

"नाई भाऊ."

"मंग? ज्यायनं मत द्याचं हाय त्यायनं तं ओळखाले पायजे! चष्मा लाव."

प्रफुल दुकानात परतला. संगणकावर चष्मा लावायला त्याला दोन मिनिटं लागली. बटण दाबण्याआधी तो जरा थांबला होता, हे त्याला नंतर कितीतरी वेळा आठवलं, पण त्या दिवशी थांबून त्यानं इतकंच पाहिलं की चष्म्याची दांडी कानावर सरळ बसलीय की नाही.

पाचशे मुखवटे छापून झाले. गावी नेताना वाटेत वनरक्षक आदेश भेटला. चांगला पोरगा, वर्षभर जंगलात पायी हिंडून उन्हानं काळवंडलेला. त्यानं एक मुखवटा हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"प्रफुलभाऊ, याचे डोळे कुठी हायत?"

"चष्म्याच्या मागं हायत ना."

"हे वाघाले कोन सांगन?"

प्रफुल हसला. आदेश हसला नाही. पण भाऊंच्या कामात वनरक्षकानं तोंड उघडायची पद्धत नाही, त्यामुळं तो मुखवटा परत देऊन आपल्या वाटेनं गेला.

वाटपाचा कार्यक्रम समाजमंदिरासमोर झाला. चाळीस बाया आल्या. फोटो काढायच्या वेळी अडचण झाली. बाया समोर बघून उभ्या राहिल्या तर मुखवटे दिसेनात! प्रफुलनं सगळ्यांना पाठमोरं उभं केलं. चाळीस वामनभाऊ कॅमेऱ्याकडं बघून हसू लागले आणि मधोमध खरे वामनभाऊ उभे राहिले, तर ते कोणते हे चटकन कळेना. फोटो मात्र झकास आला.

"अन् वाकल्यावर रे?" गिरजाबाईनं विचारलं. ही कांताबाईची शेजारीण. दोघींच्या घरांमधली भिंत एकच होती, आणि भांडण झालं तरी दोघी ते त्याच भिंतीतून करायच्या. "वाकल्यावर हा तुह्या भाऊ आभायाकडं पाहीन. वाघ का आभायातून येते?"

बाया खो खो हसल्या. प्रफुलही हसला. दुसऱ्या दिवशी एकही बाई जंगलात गेली नाही.

भाऊंचा फोन आला, "काय झालं बे? मुखवटे घरात खुटीले लटकून राह्यले म्हने!"

मग प्रफुल गिरजाबाईकडं गेला. तिच्यासाठी त्यानं ब्रह्मपुरीहून बालुशाही नेली होती.

"फक्त एवढंच म्हना बाई, वाघ आला, भाऊले पायलं अन् निंगून गेला."

"पन वाघ आलाच कुठी?"

"आला असता तं गेलाच असता ना?"

"ते मले काय माईत?"

"कोनालेच माईत नाई, म्हनून तं म्हना!"

गिरजाबाई विचारात पडली. प्रफुलला तिनं अंगाखांद्यावर खेळवलेलं होतं, त्याला नाही म्हणणं तिला जड जात होतं. आणि खरं सांगायचं तर सत्तावन्न वर्षांत तिला कुणी कॅमेऱ्यासमोर काही विचारलं नव्हतं. ती आत गेली, तोंड धुऊन आली, लेकीच्या लग्नातलं हिरवं पातळ नेसली, पावडर लावली. प्रफुलनं तिच्या डोक्यामागं मुखवटा बांधला आणि तिला भिंतीकडं तोंड करून उभं केलं.

"अन् माह्यं तोंड?"

"आवाज येते ना तुमचा!"

"मंग पावडर कायले लावाले लावली?"

व्हिडिओ मात्र जबरदस्त झाला. चेहरा वामनभाऊंचा आणि आवाज गिरजाबाईचा! "वाघ आला व माय, असा आला, भाऊकडं पायलं अन् शेपूट घालून गेला!" लोक आधी हसण्यासाठी बघत होते. हसता हसता दहा लाख लोकांनी पाहिला. नागपूरहून एक चॅनेलवाले आले. मुंबईच्या एका चॅनेलवर तर तासभर चर्चा झाली. चार चौकटींत चार तज्ज्ञ बसले आणि त्यांतल्या एकानं, ज्यानं वाघ बहुतेक प्राणिसंग्रहालयातच पाहिला असावा, सांगितलं की नेतृत्वाचं तेज वन्यप्राण्यांनाही जाणवतं. वामनभाऊंनी तो तुकडा मोबाइलवर घंटीच्या जागी लावून घेतला.

गिरजाबाईकडं गावोगावचे लोक यायला लागले. ती ओट्यावर बसून सांगायची. पहिल्या दिवशी वाघ नाल्यापलीकडं होता. चौथ्या दिवशी तो आठ हातांवर आला. सातव्या दिवशी तिच्या मानेला त्याचा गरम श्वास लागत होता. आणि पुढं पुढं कुणी आलं नसलं तरी गिरजाबाईला ते आठवायला लागलं. एकदा प्रफुलच तिथून जात होता, तर तिनं त्यालाच थांबवून सांगितलं, "बाबू, कसा पायत होता व त्यो! तुह्या भाऊनं वाचवलं मले." प्रफुलला वाटलं, बाई चेष्टा करतेय. तिच्या तोंडाकडं बघितल्यावर चेष्टा नसल्याचं त्याला कळलं, आणि तो पुढं गेला.

भिंतीवरच्या टोपल्या खाली उतरल्या. रोज पहाटे वीस-पंचवीस बाया मुखवटे बांधून जंगलात जाऊ लागल्या. गिरजाबाई सगळ्यांच्या पुढं!

"मी बी जातो उद्या गिरजासंगं," कांताबाई म्हणाली.

"नको!" प्रफुल इतक्या जोरात ओरडला की मायच्या हातातलं सूप पडलं. मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "तुह्ये गुडघे दुखते ना. वाकनं जमत नाई तुले."

"गुडघे तं दहा वर्सापासून दुखते."

"यंदा जास्त दुखते. मी सांगतो ना!"

त्यानं घरातला मुखवटा काढून गाडीच्या डिकीत कोंबला. गिरजाबाई दारातच उभी होती, टोपली कमरेला. तिला तो काही बोलला नाही. तिचे गुडघे ठणठणीत होते.

अकराव्या दिवशी सकाळी सात वाजता आदेशचा फोन आला.

"प्रफुलभाऊ, गावाले या. गिरजाबाई गेली."

"कुठी गेली?" प्रफुलनं विचारलं.

गिरजाबाई आपल्या मोहाच्या झाडाखाली वाकलेली असताना वाघ मागून आला होता. बाकीच्या बाया ओरडत पळाल्या. माणसं काठ्या-डबे वाजवत गेली तेव्हा उशीर झाला होता. आदेशनं पिशवीतून मुखवटा काढून प्रफुलच्या हातात ठेवला. तो झुडपाला लटकलेला सापडला होता. त्यावर साधा ओरखडासुद्धा नव्हता, आणि काळ्या चष्म्यातले वामनभाऊ पूर्वीइतकेच प्रसन्न दिसत होते. प्रफुलनं तो शर्टाच्या आत सरकवला.

गिरजाबाईचा नवरा लटारू खाटेवर बसला होता. रडून रडून त्याचा आवाज बसला होता.

"प्रफुल, बाबू, तिचा एक फोटो दे ना. हार घालाले. घरात एक बी नाई. तू तं रोज काढत होता."

प्रफुलनं मोबाइल उघडला. गिरजाबाईचे दोनशे चौदा फोटो होते. गिरजाबाई जंगलाच्या वाटेवर, गिरजाबाई झाडाखाली, गिरजाबाई चॅनेलवाल्यांसोबत. दोनशे चौदाही पाठमोरे. सगळ्यांत वामनभाऊ हसत होते. तो वर सरकवत गेला, खाली सरकवत गेला, लटारूभाऊ समोर बसून वाट बघत राहिला.

"नाई का एक बी?"

"आधार कार्ड असन ना लटारूभाऊ?"

"हाय. पन त्यात ते चोट्टीसारकी दिसते. ते तशी नोती."

शेवटी आधार कार्डावरचाच फोटो घ्यावा लागला. प्रफुलनं रात्रभर खटपट केली. साठीला चाळिशी करणाऱ्या त्या हातांना गिरजाबाईला गिरजाबाई करता आली नाही. श्रद्धांजलीचा फ्लेक्स सावरटोल्याच्या चौकात लागला. त्यावर वामनभाऊ कमरेपासून वर, हात जोडून, आणि कोपऱ्यात अंगठ्याएवढी गिरजाबाई. त्याच्या शेजारी आदेशनं वनखात्याची पाटी ठोकली होती, "जंगलात जाऊ नये". ती फ्लेक्सच्या सावलीत होती.

तिसऱ्या दिवशी भाऊ भेटायला आले. दुःख डोळ्यांत दिसावं म्हणून त्यांनी दहा वर्षांत पहिल्यांदा चष्मा काढला होता. मांडवात कुणी उठलं नाही. एका म्हातारीनं त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, "तुमी विम्याचे साहेब का?" भाऊंनी पाच मिनिटं दम धरला. मग खिशातून चष्मा काढून चढवला, तसा सगळा मांडव ताडकन उभा राहिला.

जाताना त्यांनी प्रफुलला गाडीत बसवलं, काचा वर केल्या.

"लोकं बोलून राह्यले बे. मुखवटा कामाचा नाई म्हने."

"भाऊ, मुखवट्याले डोळेच नाई—"

"मुखवट्याची चूक नाई," भाऊ सावकाश म्हणाले, लहान मुलाला पाढा सांगावा तसं. "बांधनाऱ्याची हाय. रबर ढिलं होतं बाईचं. एक व्हिडिओ टाक, मुखवटा कसा बांधावा. नाईतर प्रचाराचं काम मी नागपूरच्या पोरायले देतो, अन् हे मुखवटे कोन छापले, हे बी लोकायले सांगतो."

तर मंडळी, प्रफुल वाईट माणूस होता का? मी त्याला ओळखतो, तो वाईट नव्हता. भित्रा होता. घाबरलेल्या माणसाला खोटं बोलायला फार वेळ लागत नाही. अर्ध्या तासात व्हिडिओ तयार झाला. "रबर कानाच्या दोन बोटं वर, घट्ट गाठ मारून. दिवंगत गिरजाबाईंचं रबर दुर्दैवानं ढिलं होतं."

लोकांना हायसं वाटलं. वाघाचं भय बाळगण्यापेक्षा रबर घट्ट करणं सोपं! सावरटोल्यात दोन दिवसांत सगळी रबरं बदलली गेली.

पाचव्या दिवशी पहाटे प्रफुलचा मोबाइल वाजला. मायचा फोटो आला होता. नव्यानं शिकली होती ती फोटो पाठवायला. प्रफुलनं उघडला. वामनभाऊ हसत होते. त्यांच्या हनुवटीखाली मायचा पांढरा अंबाडा दिसत होता. खाली मायचा आवाज:

"बाबू, मुखवटा समाजमंदिरातून आनला. पाय बरं, घट्ट हाय ना? तुह्या व्हिडिओत सांगतलं तसंच दोन बोटं वर बांधलं. गिरजाच्या झाडाचा मोहा सडून राह्यला. मयताच्या घरचं झाड शेजाऱ्यानंच वेचाचं असते. लटारूभाऊले शबूद देला मी. तू काळजी नको करू, गाठ पक्की हाय."

प्रफुल चपला न घालताच गाडीकडं धावला! अठरा किलोमीटर त्यानं कसे कापले ते त्यालाही माहीत नाही. वाटेत त्यानं तीनदा फोन लावला. माय फोटो पाठवायला शिकली होती, फोन उचलायला अजून शिकली नव्हती.

गावाबाहेर जंगलात शिरणाऱ्या पांदणीवर त्याला पाच बाया जाताना दिसल्या. म्हणजे पाच वामनभाऊ त्याच्याकडं तोंड करून लांब लांब जात होते. त्यातला पांढऱ्या अंबाड्यावरचा तेवढा त्याच्या मायचा.

"माय! थांब! थांबा साऱ्या!"

गाडी आडवी टाकून तो त्यांच्या पुढं जाऊन हात पसरून उभा राहिला. अनवाणी, केस पिंजारलेले, धापा टाकत.

"आज नवा व्हिडिओ हाय वाट्टे!" रिना म्हणाली. ती शेजारच्या आळीतली सून. तिनं लगेच पदर सारखा केला.

"व्हिडिओ नाई! खोटं हाय सारं! वाघ आलाच नोता! गिरजाबाईच्या तोंडी मी घातलं ते!"

"मस्त बोलून राह्यले!" दुसरी म्हणाली.

"रबर ढिलं नोतं! माहीच चूक हाय! मुखवट्याले डोळेच नाई, मले पहिल्यापासून माईत होतं! घरी जा, हात जोडतो!" आणि प्रफुल, ज्यानं तालुक्याला हात जोडायला लावलं होतं, तो खरोखर हात जोडून धाय मोकलून रडायला लागला.

रिनानं मोबाइल वर धरला. "प्रफुलभाऊ, जरा इकडं सरका ना. उजेड तोंडावर येऊ द्या."

दोघी-तिघी हसल्या आणि चौघीही त्याला वळसा घालून पुढं निघाल्या. त्यानं एकीची टोपली धरली; तिनं ती लाडानं सोडवून घेतली आणि रिनाच्या मोबाइलकडं बघून हात हलवला. फक्त कांताबाई जागची हलली नाही. आपलं पोर व्हिडिओसाठी कसं रडतं हे तिला माहीत नव्हतं, पण खरं कसं रडतं हे तिला माहीत होतं.

"तुले पहिल्यापासून माईत होतं?"

"हो माय."

"म्हनून मले गुडघे सांगतले."

प्रफुलनं मान हलवली.

"मंग गिरजाले काऊन नाई सांगतलं?"

कांताबाई डोक्यामागची गाठ सोडायला गेली. ती इतकी पक्की होती की सुटेना. शेवटी तिनं रबर तोडलं आणि मुखवटा त्याच्या हातात दिला.

"तिनं तुले दूध पाजलं होतं, मी बिमार होतो तवा. तुले माईत नसन." एवढं बोलून तिनं टोपली उचलली आणि जंगलाकडं चालायला लागली.

"माय, कुठी? आता तं कळलं ना तुले!"

"कळलं. पन शबूद देला हाय. झाड तिचं हाय." ती वळली नाही. "येत असशीन तं ये. तुले तं दोन डोळे हायत."

गिरजाबाईच्या झाडाखाली फुलांचा सडा पडला होता, अर्धा सडून काळा झालेला. माय वाकली आणि वेचायला लागली. प्रफुल तिच्या पाठीला पाठ लावून, झुडपांकडं तोंड करून बसला. पाय काट्यांनी रक्ताळले होते. पापणी लववायची त्याला भीती वाटत होती.

खिशात मोबाइल वाजला. झुडपावरची नजर न काढता त्यानं तो कानाला लावला.

"अबे काय रडला बे!" वामनभाऊंचा आवाज आनंदानं फुटत होता. "रिनाचा व्हिडिओ आताच पायला! एकदम असली! लोकं म्हनते, भाऊचा मानूस गरिबासाठी रडते! आनखी हजार मुखवटे लागते. ऐकून राह्यला ना?"

प्रफुलनं मोबाइल तसाच गवतात ठेवला. भाऊ गवतातून बोलत राहिले. पलीकडं कुठंतरी बाकीच्या बायांचं हसणं ऐकू येत होतं, आणि दर थोड्या वेळानं तो ते मोजत होता, चौघींचं आहे ना म्हणून.

"बाबू," माय पाठीमागून म्हणाली, "काई दिसते का?"

"नाई माय." आवाज चिरकला त्याचा. "काईच दिसत नाई."

टोपलीत फुलं पडायची थांबली. क्षणभर तिनं आपली पाठ त्याच्या पाठीवर टेकवली.

"मंग रडनं बंद कर ना," ती म्हणाली. "डोळे भरले तं दिसन कसं?"